‘मर्यादा वाढली’ म्हणजे नेमकं काय वाढलं? दिव्यांग साहाय्याच्या आकड्यांचा इतिहास कसा वाचायचा

मागच्या दिवाळीत मी नांदगाव खंडेश्वरला मामांकडे गेलो होतो. मामांना लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय अधू आहेत. जेवण झाल्यावर त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत बँकेची सगळी जुनी पासबुकं होती. म्हणाले, "बापू, पैसे वाढले म्हन्तात. खरंच वाढले काय, थे तू सांग. तू तं आकड्यायचंच शिकून राह्यला ना?"

मी एमएस्सीला संख्याशास्त्र घेतलं होतं आणि आता पीएचडी करतोय. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. आधी ६००, मग १,०००, मग १,५००, आता २,५००. वाढले की! पण उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला प्रश्नच नीट कळलेला नाही. ‘वाढले’ म्हणजे कशाच्या तुलनेत? कोणी वाढवले? कोणासाठी?

हा लेख त्या पासबुकांमुळे लिहितोय. तुमच्यापैकी अनेकजण संशोधनाचा विषय शोधत असाल. सरकारी योजनेतली एखादी रक्कम किंवा मर्यादा बदलली की ‘दुप्पट झाली’ असं लिहून आपण मोकळे होतो. तसं न करता तो बदल कसा वाचायचा, ते आज पाहूया.

आधी थोडा इतिहास

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. दिव्यांग, विधवा, अनाथ, दुर्धर आजारी अशा सगळ्यांसाठी ही एकच योजना. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्याच वर्षी केंद्राची ‘एडिप’ योजना आली. तिच्यातून पैसे नाही, साधनं मिळतात: तीनचाकी सायकल, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र. २००९ मध्ये केंद्राने इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन सुरू केलं. दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या व्यक्तीला महिना २०० रुपये. २०१२ मध्ये त्याचे ३०० झाले.

इथेच एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. जुने शासन निर्णय शोधताना ‘दिव्यांग’ हा शब्द टाकलात तर फारसं काही हाती लागणार नाही. तेव्हाच्या कागदांवर ‘अपंग’ असं लिहिलेलं आहे. दोन्ही शब्दांनी शोधा, नाहीतर जुना इतिहासच गायब आहे असं वाटेल.

पहिला प्रश्न: कोणाच्या खिशातून?

मामांना केंद्राचा आणि राज्याचा असे दोन वाटे मिळून रक्कम येते. राज्याने एकूण रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,०००, २०२३ मध्ये १,५०० आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५०० केली. या सगळ्या काळात केंद्राचा वाटा ३०० रुपयेच राहिला.

आता टक्केवारी काढा. ६०० मध्ये ३०० म्हणजे निम्मा वाटा केंद्राचा. १,००० मध्ये तो ३० टक्के, १,५०० मध्ये २० टक्के आणि २,५०० मध्ये फक्त १२ टक्के. पासबुकात एकच आकडा वाढताना दिसतो. त्याच्या आत मात्र जबाबदारी एका सरकारकडून दुसऱ्याकडे सरकत गेली आहे. तसा कोणताही ठराव झाला नाही. एकाने आकडा हलवला, दुसऱ्याने हलवला नाही, एवढंच घडलं. इतिहासात जे बदललं नाही तेही नोंदवायचं असतं, हे मी इथे शिकलो.

दुसरा प्रश्न: कोणत्या काळातल्या रुपयात?

इथे संख्याशास्त्र कामाला येतं. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घेऊ. याची २००१ पायाभूत मालिका २०२० मध्ये थांबली आणि २०१६ पायाभूत नवी मालिका सुरू झाली. दोन मालिका थेट शेजारी ठेवायच्या नाहीत. नव्या मालिकेचा आकडा २.८८ ने गुणायचा, मग तो जुन्या मापात येतो. ही चूक मी स्वतः केली होती. माझ्या पहिल्या तक्त्यात २०२० साली महागाई एकदम अर्ध्याहून खाली आलेली दिसत होती!

आता हिशेब. ऑगस्ट २०१९ चा निर्देशांक ३२०. जुलै २०२३ चा नव्या मालिकेत १३९.७, म्हणजे जुन्या मापात साधारण ४०२. त्यामुळे २०२३ चे १,५०० रुपये म्हणजे २०१९ चे सुमारे १,१९३ रुपये. कागदावर वाढ ५० टक्क्यांची, प्रत्यक्षात १९ टक्क्यांची. ऑक्टोबर २०२५ चे २,५०० मात्र २०१९ च्या भावात सुमारे १,८८० भरतात. म्हणजे ही वाढ खरी आहे आणि मोठीही आहे. ती नाकारायची गरज नाही.

केंद्राच्या ३०० चं काय? ऑक्टोबर २०१२ मध्ये निर्देशांक २१७ होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये जुन्या मापात सुमारे ४२५. आजचे ३०० म्हणजे तेव्हाचे १५३. कोणी एक रुपयाही कापला नाही, तरी रक्कम निम्मी झाली.

एक सावधगिरी. हा निर्देशांक कामगार कुटुंबाच्या खर्चावरून बनतो. अमरावतीला जायला जीपवाला व्हीलचेअरचे वेगळे पैसे घेतो किंवा सोबतीला आलेल्या माणसाची मजुरी बुडते, हे त्यात वेगळं मोजलेलं नाही. तेव्हा दिव्यांग व्यक्तीची खरी महागाई याहून वेगळी असू शकते. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

तिसरा प्रश्न: कोणाला?

संजय गांधी योजनेसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. हा आकडा मोठा की लहान? नुसतं बघून कळत नाही, तो कशाला तरी लावून पाहावा लागतो.

रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने या दराने १६१ दिवस काम केलं की ५०,००० ची मर्यादा ओलांडली. २१,००० ची मर्यादा तर ६८ दिवसांतच संपते. मजुरी दरवर्षी सुधारली जाते, मर्यादा तिथेच थांबते. परिणाम असा की रक्कम वाढत असताना दार अरुंद होत जातं. ‘अनुदान वाढलं’ ही बातमी खरी असते आणि त्याच वेळी कागदावर पात्र ठरणारी कुटुंबं कमी होत असतात.

एडिपमध्ये उलटा प्रकार सापडतो. २०१४ च्या आधी या योजनेत साधनाच्या किमतीची मर्यादा ६,००० रुपये होती आणि महिना ६,५०० पर्यंत उत्पन्न असलेल्याला पूर्ण मदत मिळे. एप्रिल २०१४ पासून किमतीची मर्यादा १०,००० झाली, उत्पन्नाची १५,०००. म्हणजे दार २.३ पट रुंद केलं, पण आत मिळणाऱ्या वस्तूची किंमत १.७ पटच वाढवली. त्यानंतरच्या सुधारणेत या दोन मर्यादा १५,००० आणि २२,५०० झाल्या. या वेळी दोन्ही बरोबर दीडपट. एकाच योजनेच्या दोन सुधारणा, पण धोरण वेगळं. हे फक्त भागाकार केल्यावर दिसतं.

चौथा प्रश्न: मर्यादा कोणाला बांधते?

हा प्रश्न मला सगळ्यात उशिरा सुचला. त्यासाठी थोडं बाहेर बघावं लागलं.

ऑस्ट्रेलियात २०१३ पासून राष्ट्रीय दिव्यांगता विमा योजना आहे. तिथलं सरकार सेवेच्या दराची कमाल मर्यादा ठरवतं आणि साधारण दर १ जुलैला ती सुधारतं. १ जुलै २०२५ ला फिजिओथेरपीचा तासाचा दर १९३.९९ डॉलरवरून १८३.९९ वर आणला गेला आणि थेरपिस्टच्या प्रवासाच्या वेळेचे पैसे निम्म्या दराने द्यायचं ठरलं. सेवा देणाऱ्यांनी यावर मोठी ओरड केली. दुर्गम भागात मात्र दर ४० टक्के आणि अतिदुर्गम भागात ५० टक्के जास्त लावता येतो.

तिथे मर्यादा विकणाऱ्याला बांधते. काही लोक आपलं अंदाजपत्रक स्वतः सांभाळतात, त्यांना वेगळा दर ठरवता येतो. बाकीच्यांकडून थेरपिस्टला जास्त घेता येत नाही. आपल्याकडे एडिपची मर्यादा सरकारी तिजोरीला बांधते. सरकार १५,००० पर्यंत देईल. साधन त्याहून महाग असेल तर वरचे पैसे कुठून आणायचे, हा घरच्यांचा किंवा एखाद्या निधीचा प्रश्न. आणि ही मर्यादा मुंबईला जेवढी तेवढीच नांदगाव खंडेश्वरला. अंतराचा हिशेब तिच्यात नाही.

आपल्याला विकणाऱ्याला बांधता येत नाही असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या विक्री किमतीवर देशभर कमाल मर्यादा लावली होती. तेव्हा ‘किंमत मर्यादा’ हे शब्द दिसले की आधी विचारा: यात वरचा फरक कोण सोसतो?

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार, इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त हवी. आता मागे वळून बघा. ऑक्टोबर २०२५ पर्यंत संजय गांधी योजनेत विधवेला आणि दिव्यांगाला मूळ रक्कम सारखीच होती. १,५०० वर २५ टक्के म्हणजे १,८७५. २,५०० आल्यावर राज्याने ही अट ओलांडली. केंद्राच्या योजनेत मात्र विधवा निवृत्तीवेतन ३०० आणि दिव्यांग निवृत्तीवेतनही ३००.

पण घाईने ‘कायदा मोडला’ असं प्रबंधात लिहू नका. त्याच कलमात सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, अशी शब्दयोजना आहे. ‘तशीच योजना’ म्हणजे कोणती, यावरही वाद घालता येतो.

अशीच घाई कारणांबद्दल होते. जून २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंनी अन्नत्याग आंदोलन केलं. दिव्यांगांना महिना ६,००० मानधन ही त्यातली एक मागणी होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने हजार रुपयांच्या वाढीला मान्यता दिली. आंदोलन आधी आणि निर्णय नंतर, एवढा क्रम सिद्ध होतो. आंदोलनामुळेच निर्णय झाला, हे सांगायचं तर प्रस्तावाची फाईल कधी हलली, वित्त विभागाचा शेरा काय होता, हे लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच करायचा.

मग मामांना काय सांगितलं?

दोन दिवसांनी मी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. राज्याचे पैसे खरंच वाढले. केंद्राचे आहेत तेवढेच दिसतात, पण निम्मे झालेत. घरातल्या कोणाची कमाई थोडी वाढली तर नाव कमी होऊ शकतं, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याकडे लक्ष ठेवा. आणि सायकल बदलायची असेल तर किंमत आधी विचारा.

मामांनी कागद वाचला, घडी घालून पासबुकाच्या पिशवीत ठेवला. म्हणाले, "हे तं समजलं. पण माह्या औषधाले अन् येण्याजाण्याले किती लागते, थे कोनी लिहून ठेवते काय?"

माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता. आता तो घातलाय. मामा दर महिन्याला फोनवर आकडे सांगतात आणि मी लिहून घेतो. तुमच्या घरी, शेजारी असं एखादं जुनं पासबुक असेलच. परवानगी घेऊन उघडा, चार प्रश्न विचारा आणि पाचवा त्या माणसालाच विचारू द्या.