नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर. पहिले बारशाला होते, दुसरे जन्मभर चालते. काही मुलींच्या वाट्याला मात्र दोन्ही एकाच दिवशी आली.

बाराव्या दिवशी पाळणा सजतो, आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगतात, त्यांच्या पाठीवर धपाटे बसतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. पूर्वी बहुधा आजोबा-आजींचेच नाव नातवंडाला येई. मग सुनेची पंचाईत! सासऱ्यांचे नाव तोंडाने कसे घ्यावे? म्हणून घरोघरी बाळ, बापू, अण्णा झाले.

ज्या घरी मुले जगत नसत तेथे दगडू, धोंडू, केरबा, भिकू अशी नावे ठेवीत. दृष्ट लागू नये, टाकाऊ समजून मृत्यूनेही सोडून जावे, हा हेतू. नाव ओबडधोबड, पण त्यामागे आईचा जीव टांगलेला असे.

'नकुसा' किंवा 'नकोशी' हे नाव त्या जातीचे नव्हे. मुलींमागून मुली झाल्या की शेवटचीला ते देत, म्हणजे पुढचा मुलगा होईल! ही वेडी समजूत फार जुन्या काळची म्हणून सोडून देता येत नाही. सातारा जिल्ह्यात शाळेच्या हजेरीपटावर अशी नावे एकविसाव्या शतकातही होती. मास्तरांनी हाक मारावी आणि मुलीने 'हजर' म्हणावे, कशाला, तर नको असण्याला.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ भरल्या. २००१ साली त्या ९१३ होत्या. त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर २०११ रोजी, साताऱ्यात जिल्ह्यातील २८५ नकोशींचे सरकारी पुढाकाराने नवे बारसे झाले. मुली वेण्या घालून, ठेवणीतले कपडे लेवून आल्या होत्या. प्रत्येकीला नव्या नावाचे प्रमाणपत्र व फुले मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. सिनेनटीचे नाव घेतले म्हणून कुणी नाक मुरडू नये. बारशाला बाळाला कोण विचारतो? येथे मुलींनी आपली नावे आपण निवडली.

आपल्याकडे बाईचे नाव बदलणे नवे नाही. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. पण ते बदलत असे लग्नात, सासरच्या पसंतीने, ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून. साताऱ्याच्या मुलींना त्यासाठी नवऱ्याची वाट पाहावी लागली नाही.