कापडाचा रंग, रोगाची साक्ष

वऱ्हाडात कापसाची गोष्ट निघाली की भाव, वजन आणि मजुरी यांच्याच गोष्टी होतात. माझे आयुष्य जिनांतील कामगारांत गेले. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. आज जे सांगतो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून वेचलेले आहे.

१८७६ साली हाइनरिश कारो या जर्मन रसायनज्ञाने मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग तयार केला. तो होता सुती कापडासाठी. पण २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, ते याच रंगाच्या बळावर. या जंतूला मेणचट कवच असते. साधा रंग आत शिरत नाही. कॉख यांनी रंगात अल्कली मिसळून तो निळा करून दाखविला. पुढे त्सील आणि नीलसन यांनी रीत सुधारली. फुक्सिन या लाल रंगाने जंतू रंगवावयाचा, बाकीचा रंग आम्लाने धुवावयाचा आणि मागची भूमी निळी करावयाची. निळ्या रानात तांबडी काडी दिसली, की क्षयाचा संशय पक्का!

१८९१ साली पाउल एर्लिख आणि पाउल गुटमान यांनी हाच निळा रंग हिवतापाच्या दोन रोग्यांना औषध म्हणून दिला. ॲनिलीन अंगात भिनून कामगाराचे रक्त प्राणवायू पोहोचवीनासे झाले, तर आजही डॉक्टर शिरेतून तोच देतात. रंगाच्या कारखान्याने केलेल्या दुखण्यावर रंगच उतारा!

काही वर्षांपूर्वी अकोल्याकडच्या एका जिनातील बाईला खोकला लागला. मुकादमाने "क्षय आहे" म्हणून तिला कामावरून काढले. शेजाऱ्यांनी पाणी भरू देणे बंद केले. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. थुंकी दोनदा तपासली. तांबडी काडी दिसली नाही. तेवढ्याने क्षय नाहीच असे ठरत नाही, म्हणून छातीचे चित्रही काढले. तेही स्वच्छ निघाले. मग डॉक्टरांनी विचारले, "छाती केव्हा आवळते?" ती म्हणाली, "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कामाला लागले की." दुखणे कापसाच्या धुळीचे होते. तो कागद पुढे ठेवून आम्ही तिला धुळीपासून दूरचे काम आणि बुडालेली रोजी मिळवून दिली.

आता नवी यंत्रे आली आहेत. तरी काचपट्टीवरची ती परीक्षा अजून चालते. क्षय निघाला असता, तर औषध होते आणि ती बरी झाली असती. कामगाराला भीती रोगाची कमी असते, तपासणीवाचून दिलेल्या निकालाची जास्त. म्हणून मुकादमाच्या तोंडावर विसंबू नका. आधी काचेखालची साक्ष मागा.