पुदुच्चेरी (पाँडिचेरी)

कोरोमंडल किनाऱ्यावर, चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे १५० किमी. अंतरावर वसलेले शहर व त्याच नावाच्या केंद्रशासित प्रदेशाची राजधानी. या प्रदेशाचे घटक परस्परांपासून दूरदूर विखुरलेले आहेत : कारैकल कावेरीच्या मुखप्रदेशात, यानम गोदावरीकाठी आंध्रात, तर माहे थेट केरळच्या पश्चिम किनाऱ्यावर. फ्रेंचांच्या वखारी होत्या एवढ्याच एका नात्याने ही चार स्थळे एका कारभाराखाली राहिली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार प्रदेशाची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. पुदुच्चेरी हे नाव २००६ मध्ये अधिकृत झाले.

या शहराच्या पूर्वेतिहासाचे धागे जिंजीच्या किल्ल्यात अडकलेले आहेत, आणि मराठी प्रवाशाने ते आधी ध्यानात घ्यावेत. १६७३ मध्ये विजापूरकरांचा सुभेदार शेरखान लोदी याच्या परवानगीने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने येथे बस्तान बसवले व पुढल्या वर्षापासून फ्रांस्वा मार्तँ या धोरणी गृहस्थाने वखारीची उभारणी हाती घेतली. १६७७ मध्ये कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि शेरखानाचा मोड केला, तेव्हा आश्रयदाताच उरला नाही असे पाहून मार्तँने महाराजांकडे वकील पाठवून अभय मिळवले. आणि जिंजीच्या तटबंदीची महाराजांनी केलेली पुनर्रचना त्याने आपल्या स्मरणलेखांत अशा जाणकारीने नोंदली, की ते लेखन मराठ्यांच्या इतिहासाचेही मोलाचे साधन ठरले. पुढे राजाराम महाराज जिंजीस असता डचांनी त्यांच्या दरबाराकडून या जागेचे हक्क मिळवले व १६९३ मध्ये शहर घेतले. १६९७ च्या रिसविकच्या तहाने ते फ्रेंचांना परत मिळाले खरे, पण प्रत्यक्ष ताबा येण्यास १६९९ साल उजाडले. डचांचा हा अल्पकाळचा अंमल शहराच्या अंगावर कायमचा उमटून राहिला आहे. काटकोनांत छेदणारे जे सरळ रस्ते फ्रेंच नगररचनेचा नमुना म्हणून वाखाणले जातात, त्यांची मूळ आखणी डचांची, हे झाँ दलोश या संशोधकाने जुन्या डच नकाशांच्या आधारे दाखवून दिले आहे.

डुप्लेच्या गव्हर्नरीत (१७४२–५४) शहराचा राजकीय दबदबा शिगेला पोहोचला. त्या काळाचा सर्वांत जिवंत साक्षीदार म्हणजे डुप्लेचा मुख्य दुभाषी आनंदरंग पिळ्ळै. बाजारभाव, जहाजांची आवक, दरबारी मसलती आणि घरगुती शकुन-अपशकुन यांनी भरलेली त्याची तमिळ रोजनिशी १७३६ पासून सुमारे पंचवीस वर्षे चालली. जानेवारी १७६१ मध्ये त्याचा अंत झाला आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेस शहर इंग्रज सेनापती आयर कूटच्या स्वाधीन झाले. इंग्रजांनी किल्ला, गव्हर्नरचा प्रासाद आणि गोऱ्यांची वस्ती जमीनदोस्त केली. तेव्हा आज डोळ्यांस दिसणारी ‘फ्रेंच’ पाँडिचेरी ही डुप्लेची नसून १७६५ नंतर, त्या ढिगाऱ्यावर पुन्हा उभारलेली आहे. याच भग्नावशेषांत वेधशाळा थाटून ल झांती हा ज्योतिर्विद शुक्राच्या अधिक्रमणाची वाट पाहत राहिला, आणि जून १७६९ मध्ये ऐन वेळी आभाळ भरून आल्याने निराश झाला. मात्र त्या वास्तव्यात त्याने तमिळ पंचांगकर्त्यांची गणितपद्धती आस्थेने शिकून घेतली व ती युरोपास कळवली, हे त्याचे श्रेय मोठे आहे. शहर त्यानंतरही इंग्रजांकडे जाऊन येऊन राहिले आणि १८१६ मध्ये फ्रेंचांकडे स्थिरावले. निळीत रंगवलेले सुती कापड येथून फ्रान्समार्गे पश्चिम आफ्रिकेपर्यंत जात असे.

समुद्राला समांतर वाहणारा जुना कालवा शहराचे दोन भाग करतो. पूर्वेस पिवळ्या-पांढऱ्या उंच भिंती, तमिळ व फ्रेंच अक्षरांच्या निळ्या पाट्या, आणि मोठ्या दरवाजाआड बागेकडे तोंड करून उभे असलेले स्तंभयुक्त सोपे. प्रवासी बहुधा एवढे पाहूनच परततात, हे खेदाचे आहे. कारण या शहराची खरी स्वतंत्र निर्मिती कालव्याच्या पश्चिमेस, वैश्याळ रस्त्यासारख्या तमिळ गल्ल्यांत आढळते. तेथील घर रस्त्याशी अबोला धरत नाही. लाकडी खांबांवर पेललेली कौलारू पडवी वाटसरूला सावली देते; तिच्या आत गुळगुळीत घोटलेली तिण्णै, म्हणजे पाहुण्याला बसायचा ओटा; मग कोरीव दार, आणि आत आपल्या वाड्याच्या चौकासारखे उघडे अंगण. अशा घराच्या माडीवर मात्र कमानदार खिडक्या, चुन्याचे अर्धस्तंभ व कठडे फ्रेंच धाटणीचे. आनंदरंगाचे बाजाराजवळचे घर या मिश्रणाचा आद्य नमुना होय. सगळेच काही टिकले नाही : किनाऱ्यावरील जुने नगरभवन नोव्हेंबर २०१४ च्या पावसात कोसळले, आणि नंतर त्याच स्वरूपात नव्याने बांधावे लागले.

समुद्रकाठच्या हमरस्त्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती उभे असलेले कोरीव ग्रॅनाइटचे खांब जिंजीहून आणलेले म्हणून ओळखले जातात. जवळच १८३६ चा दीपस्तंभ आणि पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे स्मारक आहे.

ब्रिटिश वॉरंट येथे चालत नसल्याने १९०८ मध्ये कवी सुब्रह्मण्य भारती, व ४ एप्रिल १९१० रोजी अरविंद घोष येथे आश्रयास आले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत असताना मराठीचा परिचय झालेल्या, व विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याचे मार्गदर्शन लाभलेल्या अरविंदांचा आश्रम १९२६ मध्ये आकारास आला. त्याच विचारपरंपरेतील ऑरोव्हिल ही वसाहत १९६८ ची. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या लढ्यात गिरणी कामगारांचा वाटा मोठा होता. ३० जुलै १९३६ रोजी त्यांच्यावर झालेल्या गोळीबारात बारा जण बळी पडले. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर येथे १७८ लोकप्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारतातील विलीनीकरणास कौल दिला आणि १ नोव्हेंबरला सत्तांतर झाले. कायदेशीर हस्तांतरण मात्र १९६२ मध्ये पुरे झाले.

शहराची वाळूची चौपाटी अलीकडच्या काळात जवळपास नाहीशी झाली होती. या किनाऱ्यावर वाळू वर्षातील बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. शहराच्या दक्षिणेस बंदरासाठी बांध घातल्यावर ती तेथेच अडली आणि उत्तरेकडील किनारा खचू लागला, म्हणून दगडांची रास रचावी लागली. पाण्याखाली बसवलेल्या कृत्रिम अडथळ्यामुळे काही भागात वाळू पुन्हा साचू लागली आहे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील मुख्य पावसाळा असल्याने जानेवारी-फेब्रुवारी हे महिने भेटीस सोयीचे. दक्षिणेस अरियांकुप्पम नदीकाठी अरिकमेडू हे प्राचीन व्यापारस्थळ असून १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात तेथे रोमन मद्यकुंभांचे व इटालियन तांबड्या मृत्पात्रांचे तुकडे मिळाले, आणि त्यांच्या आधारे दक्षिण भारतातील इतर स्थळांचा काळ ठरवणे शक्य झाले. जागेवर आता पाहण्याजोगे थोडेच उरले आहे. मणी व खापरे शहरातील संग्रहालयात ठेवलेली आहेत, ती पाहून मगच तिकडे जावे.