धूरनळीतील साक्षीदार



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांच्या प्रयोगवहीची शिस्त येथील अनेकांना आठवत असेल. तापमान किती आले, एवढे लिहून त्यांचे समाधान होत नसे. तापमापी कोठे धरली होती, हे लिहिल्याखेरीज ते वहीवर सही करीत नसत. त्या वयात हा हट्ट आम्हाला जाचक वाटे. यंत्रशाळेत आयुष्य घालविल्यावर त्याचा अर्थ उमगला. त्या ऋणाची जाणीव ठेवून मी आज बोटभर लांबीच्या एका उपकरणाचा इतिहास सांगणार आहे. ते उपकरण म्हणजे मोटारसायकलच्या धूरनळीत बसविलेला, प्राणवायू मोजणारा सेन्सर.

शाळेच्या व्यासपीठाला हा विषय थोडा परका वाटेल. सुरतेतील आपल्या घरांना तो परका नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने जी मराठी कुटुंबे येथे आली आणि मागांवर व गिरण्यांत राबली, त्यांच्या लिंबायत-उधना भागातील दारांपुढे आज मोटारसायकली उभ्या असतात. घरातील तरुणाला मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसविण्याची हौस असते. या हौसेत सर्वांत आधी बळी जातो तो हा सेन्सर.

त्याचे मूळ जर्मनीत आहे. वाल्थर नेर्न्स्ट या रसायनशास्त्रज्ञाने 1889 मध्ये, विद्युत्घटात निर्माण होणारा दाब आणि द्रव्यांचे प्रमाण यांचा संबंध सूत्रात मांडला. पुढे दिवा तयार करण्याच्या खटपटीत, झिर्कोनियायुक्त मृत्तिका तापली की वीज वाहून नेते, हे त्याने दाखविले. या तापलेल्या मृत्तिकेतून प्राणवायूचे विद्युत्भारित कण जाऊ शकतात. तिच्या एका बाजूस बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूस इंजिनाचा धूर असला, की दोन्हीकडील प्राणवायूच्या तफावतीनुसार विद्युत्दाब निर्माण होतो. बॉश कंपनीने या तत्त्वावर घडविलेला सेन्सर 1976 मध्ये, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो मोटारींत प्रथम बसविला गेला.

त्याची गरज का पडली? एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. चुलीला फुंकणीचा वारा कमी पडला तर धूर कोंडतो. इंजिनातही हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन बाहेर पडते. धुरातील तीन विषारी घटकांचा एकदम निरास करणारा उत्प्रेरक या प्रमाणाच्या अगदी जवळच नीट काम करतो. म्हणून सेन्सर क्षणोक्षणी सांगत राहतो: इंधन अधिक झाले तर सुमारे 0.9 व्होल्ट, हवा अधिक झाली तर सुमारे 0.1 व्होल्ट. ते ऐकून गाडीचा संगणक इंधन कमीजास्त करतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की हवेचे प्रमाण बदलते, तरी सेन्सर अडत नाही; ज्वलनानंतर उरलेला प्राणवायू तेवढा तो पाहतो.

आपल्या देशात त्याची वाट पेट्रोलमधील शिशाने अडविली होती. शिसे सेन्सर आणि उत्प्रेरक दोघांनाही निकामी करते. 1995 मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर लागू झाले. तरीही मोटारसायकलींवर कार्बुरेटरचेच राज्य राहिले. 2006 मध्ये हीरो होंडा ग्लॅमरमध्ये आणि 2007 मध्ये बजाज पल्सर 220 मध्ये इंधन फवारण्याची पद्धत आली; मात्र पल्सर 220 ही 2009 मध्ये पुन्हा कार्बुरेटरकडे वळली. स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल ते ग्राहकाला हवे होते. अखेरीस 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकाने बहुतेक मोटारसायकलींतून जुना कार्बुरेटर हद्दपार केला आणि धूरनळीत सेन्सर आला. जो मिस्त्री काल प्लगचा बदामी रंग पाहून आणि आवाज ऐकून स्क्रू फिरवीत होता, त्याच्यापुढे एकाएकी चार तारांचे कोडे उभे राहिले.

आता जागेविषयी. हा सेन्सर सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या वर तापल्याखेरीज खरे बोलत नाही. म्हणून त्याला इंजिनापासून फार दूर ठेवता येत नाही. फार जवळ ठेवला तर तो जळतो. नळीच्या उघड्या तोंडाजवळ बसविला, तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ती त्याला इंजिनाचीच वाटते. त्याच्या आधीच्या जोडातून हवा शिरली तरी हेच घडते. सेन्सर ‘हवा जास्त आहे’ असे सांगतो आणि संगणक निष्कारण इंधन वाढवितो. प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरते आणि दोष मात्र कंपनीच्या नावावर जातो.

यातील एक चूक मी स्वतः केली आहे. माझ्या भाच्याने नवी धूरनळी करून घेतली, तेव्हा सेन्सरची जागा दाखविण्यास त्याने मला बोलाविले. उघड्यावर दिसू नये म्हणून मी तो नळीच्या खालच्या अंगास वेल्ड करण्यास सांगितले. इंधन जळताना पाणीही तयार होते, ते थंड नळीत तळाशी साचते आणि तापलेल्या मृत्तिकेवर उडाले की ती तडकते, हे मी जाणत होतो. तरी देखणेपणाच्या नादात विसरलो. पावसाळा संपण्यापूर्वी सेन्सर फुटला. आडव्या रेषेच्या वर, निदान दहा अंश चढ ठेवून तो बसवावा, हा साधा नियम होता. भाचा काही बोलला नाही. मला मात्र सरांची लाल शाई आठवली.

याहून गंभीर प्रकार त्यानंतर घडला. एका गॅरेजात त्याला सांगण्यात आले, ‘मामांचे राहू द्या, सेन्सरच काढून टाकू.’ त्याच्या जागी एक छोटी डबी जोडली गेली. ती संगणकाला ठरावीक खोटा संकेत देत राहते, त्यामुळे इशाऱ्याचा दिवा पेटत नाही. गाडी अधिक पळते, असा समज आहे. वास्तविक पूर्ण वेगाच्या वेळी बहुतेक गाड्यांचा संगणक या सेन्सरचे ऐकतच नाही, आधी ठरविलेल्या कोष्टकावर चालतो. नव्या नळीसाठी ते कोष्टक बदलायचे, तर विस्तृत पल्ल्याच्या सेन्सरने, रोलरवर गाडी चालवून, प्रत्येक वेगाला मोजमाप घ्यावे लागते. ते कष्ट टाळून साक्षीदारालाच गप्प करणे याला मी ट्यूनिंग म्हणणार नाही. शिवाय धुराची आणि आवाजाची मर्यादा ओलांडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 प्रमाणे दंडनीय आहे.

ही गोष्ट एका पोराच्या गाडीपुरती नाही. 2009 ते 2011 या काळात अहमदाबाद आणि सुरत परिसरातील 473 कारखान्यांत एक प्रयोग झाला. एस्तर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी तो गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने केला. कारखानदारच तपासनीस निवडून त्याला पैसे देई, तेव्हा अहवालातील आकडे मर्यादेच्या किंचित खाली गोळा होत. तपासनीस चिठ्ठीने नेमून त्याचा मेहनताना सामायिक निधीतून देताच आकडे खरे येऊ लागले आणि कारखान्यांचा धूरही घटला. पुढे 2019 मध्ये सुरतेत धूलिकणांच्या परवान्यांची जगातील पहिली बाजारपेठ सुरू झाली. तिचा सारा आधार धुराड्यांत बसविलेल्या अखंड मोजणीच्या यंत्रांवर आहे. त्या धुराड्याचा आणि भाच्याच्या बेंड पाइपचा धूर शेवटी एकाच उधन्यातील मुलांच्या छातीत जातो.

भाच्याने डबी काढली आहे. नवा सेन्सर वरच्या अंगास बसला आहे, आधीचा जोड नव्या गॅस्केटने बंद केला आहे आणि मूळ सायलेन्सर परत आला आहे. आवाज कमी झाल्याची खंत त्याला अजून आहे; ती मी समजू शकतो. आपल्यापैकी ज्यांची स्वतःची गॅरेजे आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: ग्राहकाने डबी मागितली, तर नकार देण्यापूर्वी पाच मिनिटे काढून त्याला हे सारे समजावून सांगा. सरांनी आपल्याला तसेच समजावले होते.