माळवा-नरवरचे रानहत्ती

नरवर, चंदेरी, हंडिया, दोहद या टापूंत आज रानहत्ती नाहींत. ते पूर्वीं तेथें होते, यास फारसी साधनांत स्पष्ट पुरावा आहे. अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत दिलेल्या हत्तींच्या स्थानांच्या यादींत नरवरपासून वऱ्हाडापर्यंतचीं रानें, पन्ना, रतनपूर, बस्तर आणि माळवा सुभ्यांतील चंदेरी, हंडिया, रायसेन, होशंगाबाद हीं नांवें येतात. १५६४ त अकबरानें नरवरच्या रानांत हत्ती धरल्याचें ‘अकबरनामा’ सांगतो. परंतु तोही अबुल फजलचाच ग्रंथ. म्हणून १६१८ त दोहदच्या रानांत हत्ती धरविल्याची जहांगीराच्या आत्मवृत्तांतील स्वतंत्र साक्ष आम्ही अधिक मोलाची मानतों.

मग हे हत्ती गेले कोठें? उत्तराचा एक धागा आईनमध्येंच आहे. पाळीव हत्तींची पैदास पूर्वीं अशुभ मानीत. ती अकबराच्या आज्ञेनें होऊं लागली, असें अबुल फजल लिहितो. अर्थात् तोंपर्यंत पीलखाने भरत ते रानांतून धरलेल्या हत्तींनींच. हत्तिणीस चार-पांच वर्षांनीं एखादें पिलूं होतें. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची ही खंडणी रानास फार काळ सोसणारी नव्हती. त्यांत शेतीसाठीं रानेंही तुटलीं.

२०२१ त ओडिशाकडील एक कळप छत्तीसगडमार्गें गडचिरोलींत आला; आईनच्या यादींतील बस्तर त्यास लागूनच आहे. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, दप्तरांतील हत्तींच्या खरेदी-नजराण्याच्या नोंदी क्षुल्लक समजून टाकूं नयेत. कोणत्या परगण्यांतून हत्ती येणें केव्हां थांबलें, हें ठरविण्यास त्यांचाच आधार आहे.