तळटीप : ‘व्हँको’ आणि टायकोप्लॅनिन

* आजारपणात घरात रुळलेले ‘व्हँको’ म्हणजे व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक. टायकोप्लॅनिन त्याच्याच ग्लायकोपेप्टाइड गटातले. दोन्ही जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाहीत. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर चालतात, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर नाहीत. व्हँकोमायसिन (अमेरिकेत मान्यता १९५८) बोर्निओच्या मातीतून आले; टायकोप्लॅनिन देणारा जिवाणू मात्र आपल्या इंदूर परिसरातल्या एका खेड्याच्या मातीतला. व्हँकोमायसिन शिरेतून तासभर तरी सावकाश सोडावे लागते; घाई केल्यास अंग लाल होऊन खाजते. टायकोप्लॅनिन सुरुवातीच्या जादा मात्रांनंतर दिवसातून एकदा पुरते, स्नायूतही देता येते, मूत्रपिंडांनाही सहसा कमी जाचते. मात्र त्या सुरुवातीच्या मात्रा चुकल्या, तर रक्तातली पातळी गाठायला फार दिवस लागतात.