रेडिओच्या पोटातले डाग

लोणंदच्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून आलेला मर्फी रेडिओ मी उलटा केला, तेव्हा आतून आधी उंदरांच्या लेंड्या पडल्या आणि मग फ्यूज. फ्यूज कसला, काचेच्या नळीवर गुंडाळलेली सिगारेटच्या पाकिटातली चांदी! त्या अनोळखी मेकॅनिकला मी मनातल्या मनात शिवी हासडली. जुने रेडिओ जमवणाऱ्यांचं हे नेहमीचंच. मूळ बिघाड तासाभरात सापडतो, आधीच्या दुरुस्त्या निस्तरायला महिना जातो.

तुमच्या फोनमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. या रेडिओचं सगळं काम पाच काचेच्या व्हॉल्व्हवर चालतं. त्यातला एक, ईझेड-८०, घरातल्या एसी विजेचं डीसी करतो. तो तापायला थोडा वेळ घेतो, तोवर बाकीचे चारही तापतात. इथे तो व्हॉल्व्ह काढून दोन बीवाय-१२७ डायोड डागले होते. डायोड तापायची वाट बघत नाही. बटण दाबताच साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट पुढे जातात आणि ते खर्च करणारे व्हॉल्व्ह अजून थंडच असतात. सगळा ताण कपॅसिटरवर येतो. तो फुगलेलाच होता.

दुसरी चूक जास्त महागातली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नवा बसवला होता, पण तो ज्यामुळे जळला तो मेणाचा छोटा कपॅसिटर तसाच ठेवलेला. असा कपॅसिटर गळू लागला की आउटपुटचा व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर वीज ओढतो आणि त्याची आतली पट्टी लाल होते. म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मरही जळायच्याच रांगेत उभा होता.

शिव्या देऊन झाल्यावर मी तो काळ आठवून पाहिला. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं, सांगलीचं १९६३ साली. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागे, त्याची वार्षिक फी पोस्टात भरावी लागे. परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी व्हॉल्व्ह बनवू लागली होती, पण हवा तो व्हॉल्व्ह हव्या त्या दिवशी लोणंदमध्ये मिळणार कुठून? त्यासाठी पुण्याला जायचं, म्हणजे गाडीभाडं आणि बुडालेला दिवस. डायोड मात्र खिशात मावणारा आणि स्वस्त. बाजारभाव संध्याकाळी ऐकायचेत म्हणून गिऱ्हाईक दारात उभं. मेकॅनिकला रेडिओ त्या संध्याकाळी बोलता करायचा होता. पन्नास वर्षांनी तो कोणी उघडून बघेल, हे त्याच्या ध्यानीमनी नसणार.

हे मला उशिरा कळलं. आधीचा एक रेडिओ मी असा चकाचक केला होता की विचारू नका. जुने सुटे भाग कचऱ्यात, पेटी घासून पॉलिश, नवं कापड. परत द्यायला गेलो, तर घरातल्या आजींनी त्याच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘नवा आणलाय व्हय रं? आमचा कुठं हाय?’ त्यांच्या यजमानांनी खिळा ठोकून बसवलेली कडी मी काढून टाकली होती. ती परत आणता आली नाही.

म्हणून या वेळी सावकाश गेलो. जिवाला धोका असलेलं सगळं बदललं. खरा फ्यूज घातला, नवे कपॅसिटर बसवले, ईझेड-८० पुन्हा त्याच्या जागी आला. काढलेले डायोड, ती चांदी आणि मेणाचा कपॅसिटर एका पाकिटात घालून पेटीच्या आत चिकटवले. वर तारीख आणि काय का बदललं ते लिहिलं. पेटीच्या डाव्या बाजूला सरसाने सांधलेली एक चीर आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात रेडिओ फळीवरून पडला, असं घरचे सांगतात. तिला हात लावला नाही.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले, आधी घरघर, मग ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र. काटा पुढे सरकवला तर १२५१वर सांगलीही खरखरत लागलं.

माझ्याही दुरुस्तीत चुका असतीलच. पुढे कोणी हा रेडिओ उघडेल, मला शिवी हासडेल. पाकीट तेवढं फेकू नये.